चार पावलं सरकलेला तारा

१९८४ साली खांडवाडीत वीज आली, आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, बाबू लागोपाठ तीन वेळा बुडाला.

"बाबू बुडलो रे बुडलो!" दगडांवर बसलेली पोरं टाळ्या पिटत ओरडली.

"मी नाय बुडलंय! दगड सरकलो!" पाच वर्षांचा बाबू नडगी चोळत रडकुंडीला आला होता.

"दगड कसो सरकतलो रे मेल्या? आपल्या आज्याच्या वेळेपासून थयसरच आसा तो!" त्याचा मोठा भाऊ लवू म्हणाला, आणि पोरं आणखी हसली.

फिलू मात्र हसली नाही. अंगण तिचं, खेळही तिच्या घरचा. आजवर या खेळात एकच होडी एकाच दगडावर तीनदा आपटलेली तिने कधी पाहिली नव्हती.

मालवणहून तारकर्लीकडे जाताना वाटेत खांडवाडी लागायची. दहा-बारा घरं, माडांची बाग, पुढे वाळू आणि मग दर्या. फिलूच्या अंगणापासून चारशे पावलांवर काळ्या खडकांची रांग पाण्यात दबा धरून बसलेली. भरतीला ती दिसायची नाही, नुसता फेस दिसायचा. त्या रांगेत एकच फट होती. दोन होड्या कशाबशा जातील एवढी. तीच खांड, आणि तिच्यावरूनच वाडीचं नाव पडलेलं.

अंधारात ही खांड सापडायची कशी? फिलूच्या आजोबांनी, इनास फर्नांडिसांनी, त्याची सोय करून ठेवली होती. आपल्या मोडलेल्या होडीची डोलकाठी त्यांनी घराच्या पायरीपुढे उभी पुरली आणि कप्पीवरून कंदील वर चढवला. काठीपासून वीस पावलं पुढे, समुद्राच्या बाजूला, अंगणातला दगडी क्रूस होता. त्याला सगळे खुरीस म्हणत. त्याच्या पायथ्याशी दुसरा दिवा. समुद्रावरून येणाऱ्याने वरचा दिवा बरोबर खालच्या दिव्याच्या डोक्यावर धरायचा. धरला की होडी खांडीतून सरळ आत!

हे पोरांच्या अंगात भिनावं म्हणून आजोबांनी खुरसाच्या पुढे वाळूत सात पांढरे दगड मांडले होते, खडकांच्या रांगेसारखेच. मधे फट. सगळ्यात मोठ्या दगडाचं नाव 'म्हैस', कारण दर्यातल्या त्या खडकालाही म्हैसच म्हणत. नाताळात धाकटी पोरं दगडांवर बसायची आणि एकाने होडी व्हायचं. होडीने पाण्याच्या बाजूने चालत यायचं, पायांकडे बघायचं नाही, नजर फक्त दोन दिव्यांवर. खुरसाशी पोचलात तर एक नेवरी, म्हणजे करंजी. आपटलात तर बुडलात.

आजोबा गेल्या पावसात वारले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ.

"थांबा, मी होते होडी," नीरजा म्हणाली. ती शाळेतल्या गुरुदास मास्तरांची मुलगी, सातवीत, वर्गात गणितात पहिली. हे लोक मूळचे घाटावरचे, त्यामुळे तिला मालवणी समजायची पण बोलता यायची नाही.

"मास्तरीणबाई बुडतली!" लवू म्हणाला.

नीरजा पाण्यापाशी गेली, वळली आणि मान ताठ ठेवून चालू लागली. एक पाऊल, दोन पावलं... धप्प!

"आई गं!"

"बुडली! बुडली!"

म्हशीवरच. पुन्हा म्हशीवरच!

फिलूने घराकडे पाहिलं. आणि मग तिला दिसलं. खरं तर दोन दिवस ती तेच बघत होती, पण डोळ्यांत भरलं ते आत्ता.

डोलकाठी काळोखात मुकाट उभी होती. तिच्यावर दिवाच नव्हता.

दिवा होता तो शेवग्याच्या झाडावर. दिवा कसला, चांगला हातभर मोठा तारा! लाल, हिरवे, पिवळे विजेचे दिवे, एकदा झपकन लागणारे, एकदा विझणारे. मस्कतहून आग्नेल अंकल आले होते, फिलूच्या पप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनीच तो आणला होता. टेपरेकॉर्डरही आणला होता. आणि तारा शेवग्यावर का लावला? कारण विजेची वायर काठीपर्यंत पोचेना. अंकल आणखी वायर आणायला मालवणला निघाले होते, पण फिलूच म्हणाली होती, "अंकल, शेवग्यारच लावा! थयसून रस्त्यावरना दिसतलो. शाळेची सगळी पोरां बघतली!"

कप्पीची दोरी सोडून अंकलनी त्याच दोरीने तारा झाडाला बांधला. जुना कंदील गेला लाकडांच्या खोपीत.

"नीरजा," फिलू हळूच म्हणाली, "तारो सरकलो."

नीरजाने एकदा झाडाकडे बघितलं, एकदा काठीकडे. मग ती पावलं मोजू लागली.

"काठीपासून शेवगा उत्तरेला चार पावलं. काठीपासून खुरीस वीस. खुरसापासून दगड पुन्हा वीस. म्हणून इथे दक्षिणेला चार पावलांची चूक. लवू, खुरसापासून पाण्यापर्यंत मोज!"

"साठ!" लवू वाळूतून ओरडला.

"आता तिथे दोन्ही दिवे एकावर एक दिसतील असा उभा राहा. आता काठी आणि खुरीस एका रेषेत दिसतील तिथपर्यंत चालत ये. किती झाली?"

लवू चालत आला. त्याचा आवाज उतरला होता. "बारा."

"दर वीस पावलांना चार." नीरजाने ओठ चावला. "खुरसापासून खांड किती लांब आहे?"

"चारशे," फिलू म्हणाली.

"म्हणजे तिथे ऐंशी पावलं. खांडीच्या दक्षिणेला ऐंशी पावलांवर काय आहे?"

बाबूने नडगी चोळत उत्तर दिलं.

"म्हैस."

मागे टेपरेकॉर्डर मोठ्याने वाजत होता. समोर दर्या काळा पडत चालला होता. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते, कोवळी चंद्रकोर बुडायला टेकली होती. ओहोटी संपून भरती लागली होती. खडक एकेक करून पाण्याखाली जात होते.

फिलूचे पप्पा कायतान आणि लवूचे बाबा सत्यवान परवा पहाटेच होडी घेऊन देवगडच्या बाजूला गेले होते. तारा लागला तो ते गेल्यावर. त्यांना कोण सांगणार? जाताना पप्पा म्हणाले होते, "पाद्री येवच्या आदी मी घरात आसतलंय. बाळाची मूर्ती नाताळच्या गोठ्यात ठेवची ना?"

पाद्री आठ वाजता येणार होते. घड्याळात साडेसहा झाले होते.

"बाकीच्या होडयेवाल्यांका सांगूया!" लवू म्हणाला.

"आज सोमवार. सगळे बाजाराक गेले मालवणाक," फिलू म्हणाली. वाडीत उरली होती बायका, पोरं आणि आग्नेल अंकल.

तिघं आधी स्वयंपाकघरात धावली. फिलूची आई, रोजामौशी, गूळ-नारळाच्या दोदोलच्या कढईत उलथणं फिरवत घामाघूम झाली होती. ती दोडामार्गची, काजूच्या बागेत वाढलेली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी होडीत पाय ठेवला नव्हता.

"माय, तारो चुकीच्या जाग्यार आसा! पप्पा खडकार आपटतले!"

"शुभ दिवशी असला अभद्र काय बोलतंस गो!" रोजामौशीने चटकन छातीवर क्रूसाची खूण केली. "दिवो पेटलेलो आसा म्हणजे झाला. तुझो पप्पा डोळे मिटून येता. त्या आग्नेलाक काय बोलू नको, चार वर्षांनी घराक इलो बिचारो."

मग तिघं अंकलकडे गेली. शेवग्याखाली वेताची खुर्ची टाकून ते बसले होते, हातात काजूच्या फेणीचा ग्लास. चेहरा आनंदाने फुललेला.

"चार पावलं?" ते खो खो हसले. "अगो, चार पावलांनी काय होता? आणि बघ केवढो झगमगता! पाच मैलावरना दिसतलो!"

"तेच तर ना!" नीरजा कळवळून म्हणाली. "दिसतो म्हणूनच तर ते त्याच्यामागे येणार!"

"मास्तरांची काय तू? वाटलाच माका! बाये, मी ह्याच आंगणात वाढलंय. ह्याच दगडांवर गुडघे फोडलेत. माका शिकवतंस?"

एवढ्यात लवूने पटकन बटण बंद केलं. तारा विझला. अंकलनी तो पुन्हा लावला आणि लवूचा कान धरला.

"परत हात लावलंस तर तंगडी मोडीन!" आणि खुर्ची अशी सरकवली की बटणाची भिंत बरोबर त्यांच्या पाठीशी आली.

तिघं खुरसापाशी गोळा झाली. वाऱ्याला जोर चढला होता. माडांच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या.

"झावळ्यांची चूड पेटवून किनाऱ्यार नाचवूया?" लवू म्हणाला.

"त्यांना वाटेल नाताळची मजा चाललीय," नीरजा म्हणाली. "दिवा जागेवर गेला पाहिजे. आणि तारा विझला पाहिजे. दोन्ही."

"पण अंकल थयसून हलूक होये ना!"

फिलू खाली बघत होती. शेवग्यावर लावा असं तीच बोलली होती. शाळेच्या पोरांनी बघावं म्हणून! ती जीभ तुटून का नाही पडली? मग तिची नजर धाकट्यांवर गेली. चार वर्षांचा तिचा भाऊ जुजे, बाबू आणि शेजारची तीन पोरं. 'पुढे काय खेळूया' म्हणून ती डोळे लावून उभी होती.

"आंधळी कोशिंबीर," फिलू म्हणाली.

"आता? ह्या वेळेला?"

"अंकलक राज्य."

लवूच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "मेले फिलू! डोक्यात तुज्या काय आसा काय!"

पुढची दहा मिनिटं फिलू जन्मभर विसरली नाही.

"अंकल! अंकल! तुमी कोणाकच पकडूक शकाचे नाय!" पाचही पोरं खुर्चीला लोंबकळली. जुजे तर मांडीवरच चढला. अंकल पोरवेडे होते. त्यांना नाही म्हणताच येईना.

"बांध फडक्या!" ते उठत म्हणाले. "एकेकाक धरून समुद्रात टाकतंय की नाय बघा!"

फिलूने आईची जाड ओढणी चौपदरी केली आणि करकचून बांधली. "पाचय पोरांक धरीपर्यंत फडक्या काढूचा नाय! काढलात तर हारलात, आणि टेपरेकॉर्डर आमचो!"

"कबूल!"

"अंकल, हयसर!" "अंकल, थयसर!" पोरं टाळ्या वाजवत त्यांना घराच्या पलीकडच्या बाजूला, विहिरीकडच्या मोकळ्या जागेत ओढत गेली. विहिरीच्या कट्ट्यावर नीरजा पहारा देत बसली, अंकल जवळ आले की त्यांना ढकलून परत पाठवायला.

तोवर लवूने खोपीतून कंदील आणला. कंदील हलवून पाहिला तर आत टिपूसही रॉकेल नाही! कुणीतरी स्टोव्हमध्ये ओतून घेतलं होतं. तो आपल्या घरी पळाला, बाटली घेऊन आला. काठीवर दोरी नव्हती म्हणून जाळ्याची दोरी दातांत धरून माकडासारखा वर चढू लागला. जुनी काठी करकरली.

"अंकल!" विहिरीकडून जुजेचा खणखणीत आवाज आला. "लवू काठीर चढ..."

"म्याऊ!" बाबूने त्याच्या तोंडावर हात दाबून जोरात आवाज काढला.

"मांजर खंयसून इला?" अंकल हातांनी हवा चाचपत म्हणाले.

फिलू काठीच्या बुंध्याशी कंदील धरून उभी होती. "लवकर रे!"

"गाठ अडाकली!" वरून लवू धापा टाकत म्हणाला.

आणि तेव्हाच वाऱ्यावरून शीळ आली.

लांब, दोनदा वर जाणारी, एकदा खाली येणारी. सत्यवानकाका वल्ही मारताना नेहमी तशीच शीळ घालत. एरवी ती समोरून यायची. आज ती डावीकडून आली. दक्षिणेकडून. म्हशीच्या बाजूने.

वर लवू दगडासारखा थिजला. "बाबा..." एवढंच तो म्हणाला.

आधी कंदील, मग तारा, असं त्यांचं ठरलं होतं. आता ते होणार नव्हतं. फिलू धावली. भिंतीवरच्या बटणाकडे नाही, सरळ चार पावलांवरच्या झाडाकडे. तिने वायर दोन्ही हातांनी पकडली आणि सगळा जीव लावून ओढली. भिंतीतला प्लग सुटून तिच्या पायाशी येऊन पडला.

तारा विझला. आणि इतका काळोख पडला की तिला स्वतःचे हातही दिसेनात. खुरसाचा दिवा तेवढा एकटा मिणमिणत राहिला. शीळही थांबली.

समुद्रात फक्त फेसाचा आवाज. म्हैस श्वास घेते, असं आजोबा म्हणायचे. फिलूला तो श्वास ऐकू येत होता.

माझं चुकलं असेल तर? आता तर त्यांना काहीच दिसत नाही...

"फिलू! दोरी धर!" लवू वरून घसरतच खाली आला. हातांची सालटं निघाली होती. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. तिसरीला फिलूने फ्रॉकचा आडोसा केला. वात पेटली! दोघांनी मिळून दोरी खेचली. कंदील डुलत, ठेचकाळत वर गेला आणि काठीच्या टोकाशी स्थिरावला. पिवळा, मंद, जुना.

"कोणी तारो घालवल्यान?" घरामागून अंकलची गर्जना आली. 'तारो गेलो!' म्हणून जुजेच ओरडला होता. फडकं फेकून ते धावत आले. "कोणी हात लावल्यान? आज एकेकाक..."

"ओऽऽय!"

दर्यावरून हाक आली. सगळे जागच्या जागी उभे राहिले. रोजामौशी उलथणं हातात घेऊनच दारात आली.

"ओऽऽय! दिवो दिसलोऽऽ!"

मग वल्ह्यांचा आवाज. आधी डावीकडे, मग हळूहळू समोर. शेवटी वाळूवर होडीचा तळ घासला, आणि लवू पाण्यात कमरेपर्यंत धावत गेला.

कायतान होडीतून उतरले. त्यांनी कुणाशी काही बोलण्याआधी खुरसावर हात टेकला.

"तारो दिसलो," ते सावकाश म्हणाले. "मी म्हटलंय, रोजाने यंदा काठीर नवीन तारो लावल्यान. खुरसाच्या डोक्यार धरलो आणि निघालंय. शीड उतरला, वल्ही चालू. आणि तारो गेलो! भपकन! सत्यवान म्हणालो, नांगर टाक. टाकलो. थोड्या वेळान जुनो कंदील वर चढलो, तो खुरसाच्या उजव्या बाजूक. उजव्या! म्हणजे आमी दक्षिणेक. बॅटरी मारून बघितलंय तर..." ते थांबले. "म्हशीची पाठ होडयेपासून तीन वल्ह्यांवर होती."

रोजामौशीने पुन्हा छातीवर क्रूसाची खूण केली. अंकलचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"तारो कोणी घालवलो?" कायताननी विचारलं.

फिलू पुढे झाली. "मी. पण पप्पा, शेवग्यार लावा म्हणून पण मीच सांगितलंय."

कायताननी तिला जवळ ओढलं. मग लवूचे सोललेले तळवे उलटून बघितले, नीरजाकडे बघितलं. "आणि चार पावलांचा चारशे पावलांवर काय होता, तां कोणी सांगितल्यान?"

"नीरजाने," लवू म्हणाला. "आणि तीन वेळा बुडलो तो आमचो बाबू."

सत्यवानकाकांनी बाबूला उचलून खांद्यावर घेतलं. बाबूने लगेच विचारलं, "मग माजी नेवरी?"

त्या रात्री पाद्रीबाबांनी गोठ्याला आशीर्वाद दिला, आणि बाळाची मूर्ती त्यात ठेवायला कायताननी तिघांना पुढे केलं. सगळ्या वाडीसमोर ते म्हणाले, "बाप्यांचा काम आज पोरांनी केल्यानी. ह्यां मी मरेपर्यंत सांगतलंय." रोजामौशीने नीरजाच्या घरी पाठवायच्या ताटात दोदोलचा अर्धा थाळा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या संध्याकाळी, कायताननी काठीवरचा कंदील उतरवून शेवग्यावरचा तारा पुन्हा लावला आणि म्हणाले, "आग्नेला, चल. होडी हो."

अंकल पाण्यापासून निघाले. नजर दोन दिव्यांवर. आपटले ते सरळ म्हशीवर. एकही पोर 'बुडलो' म्हणून ओरडलं नाही. अंकल उठले, आणि दुसऱ्या सकाळी मालवणला जाऊन काठीच्या टोकापर्यंत पुरेल एवढी वायर घेऊन आले.

आग्नेल अंकल पुढे चौदा वर्षं मस्कतला होते. दर डिसेंबरात त्यांचं पत्र यायचं, आणि त्यात पहिली ओळ हीच असायची: काठीवरचा दिवा जागेवर आहे ना? कायतान आणि सत्यवान गुडघे साथ देईपर्यंत एकाच होडीत गेले, आणि एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने वारले. रोजामौशी शेवटपर्यंत होडीत बसली नाही, पण त्या नाताळानंतर रोज संध्याकाळी कंदील चढवून झाला की ती स्वतः वाळूत जाऊन दिवे एकावर एक आहेत का ते बघून यायची. लवू बोटीवर इंजिनियर झाला. त्याच्या तळव्यांवर ते व्रण अजून आहेत. नीरजा कणकवलीला गणित शिकवायची. गुणोत्तराचा धडा आला की फळ्यावर आधी एक काठी, एक खुरीस आणि एक म्हैस काढायची. जुजे गोव्यात स्थायिक झाला. बाबूचं तारकर्लीला पर्यटकांसाठी छोटं लॉज आहे, आणि आपण तीनदा बुडालो म्हणून सगळे वाचले, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

फिलू त्याच घरात राहिली. होड्यांना आता यंत्रं आली, खांड जीपीएसच्या पडद्यावर दिसते, कंदिलाकडे कुणी बघत नाही. तरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती पांढऱ्या दगडांना चुना लावते आणि कंदील काठीवर चढवते. शेजारपाजारची पोरं जमतात. कुणीतरी हटकून विचारतं, "मौशे, ह्यो जुनो दिवो कित्याक गो?"

"आदी होडी हो," फिलू म्हणते. "मगे सांगतंय."